उन्हाचा रेटा

काकूंचं काम एका वाक्यात सांगायचं तर त्या उन्हाच्या जोरावर आकाशात यान चालवायच्या. एवढं ऐकलं की समोरचा माणूस एक तर हसायचा, नाही तर चेहरा गंभीर करून विचारायचा, "म्हणजे सोलर पॅनल ना?"

"नाही हो, शीड," काकू म्हणायच्या. "होडीला असतं ना, तसं. फक्त वाऱ्याच्या जागी ऊन."

मग तो मान डोलवायचा. त्याला काही कळलेलं नाही हे काकूंना कळायचं, काकूंना ते कळलंय हे त्यालाही कळायचं, आणि विषय पाण्याच्या टाकीवर नाही तर कुणाच्या तरी लग्नावर जायचा.

घरी तर त्यांची रोजच थट्टा चाले. यजमान लिफ्ट दुरुस्त करणारे. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेलेल्या. ते म्हणायचे, "मी बटण दाबतो, दहा माणसं वर जातात. तू महिनाभर दाबतेस आणि पाच किलोचं डबडं वर जात नाही."

"डबडं म्हणू नका."

"बरं, पाखरू."

यानाचं खरं नाव अक्षरं आणि आकडे मिळून इतकं लांब होतं की ते फक्त कागदावर राहिलं. शीड उघडलं तेव्हा कुणीतरी पाखरू म्हणालं आणि तेच चिकटलं. शरीर बुटाच्या खोक्याएवढं आणि पंख एका मोठ्या खोलीच्या जमिनीएवढे. पंख म्हणजे चंदेरी पापुद्रा, केसापेक्षा पातळ, चार पट्ट्यांवर ताणलेला.

सासूबाईंना मात्र खरंच समजून घ्यायचं होतं. त्यांनी एकदा सुनेला समोर बसवलं. "मला नीट सांग. ऊन ढकलतं म्हणजे काय? मी जन्मभर अंगणात कपडे वाळत घातले, मला कधी ढकललं नाही त्याने."

काकूंनी डब्यातून तांदळाचा एक दाणा काढला आणि सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. "ह्याचं वजन लागतंय हाताला?"

"कुठे लागतंय?"

"त्या सगळ्या शिडावर उन्हाचा जो रेटा पडतो ना, तो साधारण एवढा."

सासूबाईंनी दाणा निरखून पाहिला. "मग ह्याने काय होणार गं?"

"थांबला नाही की होतं. वर अडवायला फारसं काही नसतं. ढकलत राहायचं, ढकलत राहायचं."

"आणि रात्री?"

"त्याची रात्र अर्ध्या तासाची असते. दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीला फेरी मारतं ते."

"बिचारं," सासूबाई म्हणाल्या, आणि दाणा परत डब्यात टाकला.

पण नुसतं ढकलून भागत नाही, आणि काकूंची गरज तिथेच पडायची. पाखरू फेरी मारताना अर्धी फेरी सूर्यापासून लांब जातं, अर्धी फेरी सूर्याकडे येतं. झोपाळ्यावरच्या पोराला झोका देतो तसं आहे हे. पोर लांब जात असताना हात लावायचा, जवळ येत असताना हात काढून घ्यायचा. येणाऱ्या झोपाळ्याला हात लावला तर झोका मोडतो. म्हणून पाखरू सूर्यापासून लांब निघालं की शीड सगळंच्या सगळं उन्हासमोर धरायचं, आणि सूर्याकडे यायला लागलं की वळवून उन्हाला नुसती कड दाखवायची. प्रत्येक फेरीला दोन वळणं. दिवसाच्या चौदा-पंधरा फेऱ्या. कुठलं वळण कधी घ्यायचं, किती घ्यायचं, हे काकू आधी लिहून ठेवायच्या आणि पाखरू डोक्यावरून जाईल तेव्हा अँटेनातून वर पाठवायच्या. बोलायला दहाएक मिनिटं मिळायची, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा. बाकी सगळा वेळ ते पृथ्वीच्या पलीकडे कुठेतरी असायचं, काकूंनी सांगून ठेवलेलं आठवत वळत असायचं.

काकू मूळच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या. मुलगी झाली, ती लहानपणी सारखी आजारी पडायची, त्यात नोकरी सुटली ती सुटलीच. मुलगी जरा हाताशी आल्यावर त्या ह्या संस्थेत आकडे भरण्याच्या तात्पुरत्या कामाला लागल्या. आजूबाजूची बहुतेक माणसं त्यांच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्या काकू झाल्या. वळणांचं काम त्यांच्याकडे आलं ते असंच. वळणं कॉम्प्युटर काढून द्यायचा, पण प्रत्येक वळण पाठवण्याआधी कुणीतरी तपासायला हवं होतं. दोघा-तिघांनी ते काम करून पाहिलं आणि कंटाळून सोडलं. ज्या कामाचा इतरांना कंटाळा यायचा त्याची काकूंना काळजी वाटायची. कॉम्प्युटरने काढलेलं वळण त्या तीनदा तपासायच्या, पाठवल्यावर चौथ्यांदा तपासायच्या, आणि घरी जाताना जिन्यात थांबून पाचव्यांदा मनात आकडे घोळवायच्या. हळूहळू वळणं त्यांचीच झाली.

मुलगी आता शिकायला दुसऱ्या शहरात होती. काकू तिला दिवसातून चार फोन करायच्या. "जेवलीस का? छत्री घेतलीस का? आवाज असा का येतोय?" एकदा मुलगी वैतागून म्हणाली, "आई, मला पण दर फेरीला वळवतेस का तू?" काकू हसल्या. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की छत्रीचं उत्तर मिळालंच नाही, म्हणून त्यांनी पुन्हा फोन लावला.

कामाची खोली तिसऱ्या मजल्यावर, खाली वर्कशॉप. ग्राइंडर सुरू झालं की टेबलावरचे चहाचे कप किणकिणायचे. तीन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, आणि गच्चीवरच्या अँटेनाला जाणारी जाड केबल, ती खिडकीतून आत आलेली, त्यामुळे खिडकी कधीच पूर्ण लागायची नाही. एका टेबलावर काकू. दुसऱ्यावर भिंगरीवाला. हा तिशीतला इंजिनियर. पाखराच्या पोटात एक जड चाक होतं, त्याची जबाबदारी ह्याची. चाक एका दिशेला फिरवलं की पाखरू दुसऱ्या दिशेला वळायचं. अधांतरी वस्तूला धरायला दुसरं काही नसतं, म्हणून ही सोय. चाकाला सगळे भिंगरी म्हणायचे, म्हणून तो भिंगरीवाला. तिसरं टेबल सरांचं. सरांनी हे शीड मंजूर करून घेण्यात, शिवण्यात, घडी घालण्यात आणि फाटलं म्हणून पुन्हा शिवण्यात आपली अर्धी नोकरी घालवली होती. त्यांच्या खांद्याला घडी घालून घालून कायमची कळ लागलेली होती, आणि ते बोलता बोलता तो खांदा चोळत असत.

शीड उघडलं त्यानंतरचे काही आठवडे सणासारखे गेले. पाखरू वर चढायला लागलं. फेरीतली जी सगळ्यात उंच जागा, तिचा आकडा रोज सकाळी दाराजवळच्या फळ्यावर लिहायचा असा प्रघात पडला. लिहिलं की टाळ्या. खालच्या वर्कशॉपमधले लोकसुद्धा जिना चढून आकडा बघून जायचे. संचालक फोन करून विचारायचे, "आज किती?" आकडा कालच्यापेक्षा मोठा असायचा आणि सर बिस्किटांचा पुडा फोडायचे.

आता, झोका एकाच बाजूने दिला की फेरी गोल राहत नाही, अंड्यासारखी होते. एक टोक वर सरकतं तसं दुसरं थोडं खाली येतं. हे काकूंना ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं, भिंगरीवाल्याला तर तोंडपाठ होतं. गुपित असं काहीच नव्हतं. पण खालच्या टोकाचा आकडा फळ्यावर लिहावा असं कुणाच्याच मनात आलं नाही. कुणी विचारतच नव्हतं. खालचं टोक हळूहळू उतरत होतं, आणि वरच्या टोकाचा आनंद इतका होता की सगळ्यांनी धरून चाललं होतं, वरचं इतकं वर जाईल की खालच्याची काळजी उरणार नाही.

मग सूर्य खवळला.

त्यात नवल काही नव्हतं. दर काही वर्षांनी तो खवळतो. पण ह्या खेपेला लवकर आणि जोरात. सूर्य तापला की पृथ्वीभोवतीची हवा तापते, आणि तापलेल्या दुधासारखी फुगून वर येते. इतक्या उंचीवर हवा म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण पाखराला ढकलणारं ऊनही जवळजवळ काहीच नव्हतं. खालच्या टोकाला हवा शिडाला लागायला लागली. दोन्हीकडे तांदळाचे दाणेच होते, फक्त हवेच्या बाजूचे दाणे वाढत चालले.

एका सकाळी फळ्यावरचा आकडा कालच्याएवढाच निघाला. दुसऱ्या सकाळी थोडा कमी. टाळ्या झाल्या नाहीत. कुणीतरी म्हणालं, मोजण्यात चूक असेल.

काकूंनी रात्र कूस बदलत काढली आणि सकाळी सर यायच्या आधी जाऊन बसल्या. सर आल्या आल्या त्या म्हणाल्या, "सर, त्याला झोपवू या."

झोपवायचं म्हणजे शीड फेरीच्या दिशेला कड करून ठेवायचं. कागद पाण्यात आडवा न धरता कडेने सोडावा, तसं. ऊनही नको आणि हवेची अडवणूकही नको. वळणंच नाहीत. सूर्य शांत होईपर्यंत पाखरू तसंच पडून राहील, कमीत कमी उतरेल.

"किती दिवस?" सरांनी विचारलं.

"सूर्य शांत होईपर्यंत."

"म्हणजे किती?"

"ते त्यालाच विचारावं लागेल."

सर हसले नाहीत. खांदा चोळत म्हणाले, "बाई, शीड कशासाठी उघडलं आपण? झोपायचंच होतं तर डब्यात काय वाईट होतं? पुढच्या आठवड्यात अनुदानाची माणसं येतायत. त्यांना काय सांगू, झोपलंय?"

"सांगा ना. झोपतात सगळे."

"उन्हावर चढणारं यान म्हणून पैसे दिलेत त्यांनी. चढताना दाखवायला नको?"

सर काही वाईट नव्हते. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानेही हेच म्हटलं असतं. आणि खरं सांगायचं तर काकूंनाही ते नुसतं पडून राहणं मनातून नको होतं. आपण इथे हात बांधून बसायचं, आणि ते तिकडे एकटं घसरत राहणार. ही कल्पनाच त्यांना सोसेना. तेव्हा त्यांनीच मधला मार्ग काढला.

"मग तिरकं धरू," त्या म्हणाल्या. "उन्हाला अर्धं, हवेला अर्धं. मी प्रत्येक वेळी बघून जरा जरा सुधारत जाईन."

सरांचा चेहरा खुलला. "हे बघा. हे कसं पटण्यासारखं बोललात."

त्या दिवसापासून काकू सुधारत राहिल्या. पाखरू डोक्यावर आलं की आधी त्याचे आकडे उतरवायचे, कुठे किती कलंडलंय ते बघायचं आणि लगेच थोडंसं वळण पाठवायचं. अर्धा अंश इकडे. पाव अंश तिकडे. पुढच्या वेळी बघावं तर कालचं वळण जरा जास्त झालेलं, मग ते मागे घ्यायचं. एखाद्या पोराच्या अंगावरचं पांघरूण दर थोड्या वेळाने सारखं करावं, तसं चाललं होतं. प्रत्येक वळण लहान, प्रत्येक वळण हिशेबाने बरोबर.

भिंगरीवाल्याचं डोकं मात्र ठणकायला लागलं. "काकू, आज किती पाठवलीत?"

"छोटीच आहेत रे."

"छोटी असली तरी भिंगरीच्या पोटात जातातच ना? प्रत्येक वळणाला तिचा वेग थोडा वाढून बसतो. तो उतरवायला चुंबकाच्या कांड्या आहेत, पण त्या बापड्या मुंगीच्या चालीने उतरवतात. तुम्ही मध्ये मध्ये नवीन वळण देता, उतरलेलं परत चढतं."

"मग मी काय करू? कलंडू देऊ?"

"थोडं कलंडू द्या. मरत नाही ते थोडं कलंडून. तिला श्वास घेऊ द्या काकू. कडेला पोचलीय ती वेगाच्या. त्याच्यापुढे ती फिरू शकत नाही, आणि मग शिडाला आवरायला कुणीच नाही."

"आज संध्याकाळचं एक," काकू म्हणाल्या. "उद्यापासून नाही पाठवत."

"हे तुम्ही परवा पण म्हणालात."

"परवा वेगळं होतं. परवा ते फारच कलंडलं होतं."

भिंगरीवाल्याने हात जोडले. "तुमच्या मुलीचं कसं होत असेल हो?"

"चार फोन घेते बिचारी," काकू म्हणाल्या, आणि संध्याकाळचं वळण पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आणखी एक पाठवलं. अनुदानाची माणसं त्याच संध्याकाळी येणार होती आणि पाखरू जरा नीटनेटकं दिसावं असं त्यांना वाटलं.

माणसं आली. तिघं होती. सरांनी त्यांना खिडकीजवळच्या खुर्च्यांवर बसवलं, चहा दिला आणि तांदळाच्या दाण्याची गोष्ट सांगितली. ती त्यांनी काकूंकडूनच ऐकली होती. माणसांना ती आवडली. ठरल्या वेळी अँटेना क्षितिजाकडे वळायला लागली. पण अँटेना जागेवर पोचायच्या आधीच स्पीकरमधून पाखराच्या सिग्नलचा आवाज आला.

लवकर आलं होतं. अगदी थोडंसं, पण लवकर. वरच्या वस्तूची फेरी मोठी असते, खालच्या वस्तूची लहान. जे खाली येतं ते लवकर येतं. आणि तो आवाज सरळ नव्हता. यायचा, जायचा, पुन्हा यायचा. खिळखिळ्या पंख्याचं पातं दर फेरीला कुठेतरी घासावं तसा.

भिंगरीवाल्याने पडद्याकडे पाहिलं आणि पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

"फिरतंय," तो काकूंना पुटपुटला. "भिंगरी भरली, वेगाच्या कडेला पोचली. पृथ्वीच्या पलीकडे कुठेतरी भरली असणार. सगळंच गरगरतंय आता."

"हा आवाज असाच असतो का?" पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलं.

"असतो," सर म्हणाले. "कधी कधी."

पाखरू गेलं. पाहुणेही गेले, जाताना छान वाटलं म्हणाले. सर त्यांना खालपर्यंत सोडून वर आले आणि आपल्या खुर्चीत बसून राहिले. शेवटी काकूच म्हणाल्या, "सकाळचं वळण मी पाठवायला नको होतं."

"आपण सगळ्यांनीच काही ना काही पाठवायला नको होतं," सर म्हणाले. "आता काय करायचं ते तुम्ही ठरवा बाई. मी मध्ये पडत नाही."

इतके दिवस हवं असलेलं वाक्य त्यांना मिळालं, आणि त्याचा उपयोग एकच होता: काही न करणं. गरगर थांबवायचा आता एकच उपाय उरला होता. चुंबकाच्या कांड्यांना मुंगीच्या चालीने भिंगरीचा वेग उतरवू द्यायचा, आणि तोवर एकही वळण पाठवायचं नाही.

ते दिवस काकूंना फार जड गेले. पाखरू यायचं, दर वेळी जरा जास्तच लवकर. त्याचे आकडे उतरवायचे आणि बसून राहायचं. शीड गरगरताना कधी उन्हाला तोंड, कधी कड, कधी हवेत आडवं. खालच्या टोकाला हवा दर फेरीला त्याचा थोडा लचका तोडत होती. काकूंना डोळ्यांपुढे दिसायचं, आत्ता एक इतकुसं वळण दिलं तर निदान ह्या फेरीला हवेचा मार कमी लागेल. त्या टाइप करायच्या आणि पुसायच्या. एकदा त्यांनी पूर्ण टाइप केलं. भिंगरीवाला उठून येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिला. त्यांनी पुसलं.

"तुम्ही बाहेर फिरून या," तो म्हणाला.

"बाहेर जाऊन काय करू? वर बघू?"

घरी यजमानांनी आता थट्टा सोडून दिली होती. त्या चप्पल काढत असतानाच ते चेहरा बघून ओळखायचे. एकदा म्हणाले, "लिफ्ट अडकली ना, की आतली माणसं सगळी बटणं दाबत सुटतात. मी बाहेरून ओरडतो, काही दाबू नका, मी बघतो. कोणी ऐकत नाही."

"बाहेर तुम्ही असता म्हणून," काकू म्हणाल्या. "इथे बाहेर कोण आहे?"

यजमानांनी पाणी आणून दिलं.

कांड्यांनी आपलं काम केलं. मुंगीच्या चालीने का होईना, भिंगरी उतरली. आवाजातली घरघर कमी झाली, मग थांबली. एका सकाळी पाखरू सरळ आवाजात बोललं. भिंगरीवाल्याने टेबलावर थाप मारली, खालून कुणीतरी ओरडलं, "झालं का?" सर उठून काकूंच्या टेबलाशी आले.

"आता झोपवा त्याला," सर म्हणाले. "मी आधीच ऐकायला हवं होतं."

काकूंनी वळण केव्हाचं तयार ठेवलं होतं. एकच वळण, कड फेरीच्या दिशेला, मग काहीही नाही. तीनदा तपासलं. पाठवलं. पाखराने उत्तर दिलं: मिळालं.

संध्याकाळी त्याचे आकडे उतरवले तर शीड होतं तिथेच होतं.

"मिळालं म्हणालं होतं ना?" सर म्हणाले.

"मिळालंय," भिंगरीवाला आकडे बघत म्हणाला. "करायलाही घेतलंय. भिंगरी फिरली, पूर्ण जोर लावला तिने." तो थांबला. त्याने कागदावर काहीतरी गुणाकार केला, मग पुन्हा केला. "ती वळवत होती आणि हवा परत फिरवत होती. एवढ्या खाली हवेचा हात भिंगरीपेक्षा जड झालाय, काकू. आता शीड कसं राहायचं ते हवा ठरवणार."

"मग दोनदा पाठवू."

"दोनदा काय, शंभरदा पाठवा. ती फिरेल. वळणार नाही."

काकूंनी तरी पाठवलं. पाखरू म्हणालं, मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवलं, मिळालं. संध्याकाळी, मिळालं. एकदाही त्याने ऐकलं नाही असं झालं नाही, एकदाही कंटाळा केला नाही. सांगितलं की आपल्या पोटातलं चाक गरगरा फिरवायचं, जीव तोडून वळायला बघायचं, आणि वळता यायचं नाही. हवेने त्याला होतं तिथे आणून ठेवलेलं असायचं. पुढच्या वेळी काकू सांगायच्या, आणि ते पुन्हा करायला घ्यायचं.

काकूंना आधी त्याच्या ह्या आज्ञाधारकपणाचा आधार वाटायचा. आता त्यांना तो बघवेना. एका दुपारी मुलीचा फोन आला. आईचा फोन आज एकदाही का आला नाही म्हणून तिनेच केला होता.

"बरी आहेस ना गं?" मुलीने विचारलं.

"मी बरी आहे," काकू म्हणाल्या. "तू जेवलीस का?"

"जेवले. तुझं पाखरू?"

"सांगेन ते करतंय. त्याला जमत नाहीये."

"मग सांगू नकोस ना," मुलगी म्हणाली. बोलताना तिला आपण काही विशेष बोलतोय असं वाटलेलं नव्हतं. तिच्यामागे कुणीतरी तिला हाक मारत होतं, ती "आले, आले" म्हणाली आणि फोन ठेवला.

भिंगरीवाल्याचा हिशेब सांगत होता की पाखराचे आता मोजकेच दिवस राहिले. शीड आडवं असल्यामुळे खालचं टोक भराभर उतरत होतं, आणि आता वरचंही. मग सगळंच एकदम उतरेल, तापेल आणि संपेल. जमिनीपर्यंत काही येणार नाही. हे शेवटचं सरांनी दोनदा विचारून घेतलं.

संध्याकाळी पाखरू यायच्या आधी काकू सरांना म्हणाल्या, "आज मी वेगळा निरोप पाठवणार आहे."

"कुठला?"

"धरून ठेवायचा हुकूम काढून घेते. वळायचा प्रयत्न थांबव म्हणून सांगते. भिंगरी मोकळी सोडते."

सरांनी भिंगरीवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "फरक काहीच पडणार नाही. खाली यायचंय ते येणारच. थोडी बॅटरी वाचेल इतकंच, आणि वाचून करायचं काय?"

"फरक पडणार नाही हे मला कळतं रे," काकू म्हणाल्या. "म्हणूनच. उगाच त्याला कशाला..."

सरांनी खांद्यावरचा हात काढला. "पाठवा," ते म्हणाले.

अँटेना त्यांनी आधीच क्षितिजाकडे वळवून ठेवली होती. तरी पाखरू आणखीच लवकर आलं. आवाज स्पष्ट होता. काकूंनी निरोप तपासला. तीन शब्दांएवढा होता, तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी तपासला. पाठवला.

मिळालं, पाखरू म्हणालं.

मग पडद्यावर भिंगरीच्या वेगाचा आकडा उतरायला लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सांगितलेलं काही त्याला पुरतं करता येत होतं. आकडा हळूहळू लहान होत गेला. तिघंही बघत राहिले. खाली ग्राइंडर चालू होतं, कप किणकिणत होते. शून्याजवळ आला तसा आवाज बारीक झाला, कारण पाखरू आता दुसऱ्या क्षितिजाकडे उतरत होतं. भिंगरीवाला म्हणाला, "थांबली."

काकूंनी मान हलवली. अँटेना अजून त्याच्या मागे मागे वळत होती, पार खाली समोरच्या इमारतींच्या गच्च्यांपर्यंत, आणि आवाज पूर्ण गेल्यावरही काकूंनी ती लगेच थांबवली नाही.